पांढऱ्या जोडीची काळी पिल्लं

जूचंद्रच्या बळीराम भोईरला कोंबड्यांचा नाद होता. धंदा नव्हे, नादच. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात तो लेथवर टर्नर होता, खाडीच्या कडेला घरची थोडी भातशेती होती, आणि घरामागे जिथे एके काळी बैल बांधत तिथे त्याने जाळीची खुराडी उभी केली होती. त्यांत बांटम कोंबड्या असत. गावठी कोंबडीच्या निम्म्या आकाराच्या, छाती पुढे काढून चालणाऱ्या, अंगावर एकही रंगीत पीस नसलेल्या पांढऱ्या. या कोंबड्या तो कापत नसे आणि त्यांची अंडीही विकत नसे. घरी आलेले पाहुणे खुराड्यांकडे बघून सहज विचारत, आज यांतली कोणती? त्यावर बळीराम उठून आत जाई, आणि त्याची बायको हंसा हसून सांगे की तुमच्यासाठी दारातली गावठी धरलीय, या पांढऱ्यांना हात लावला तर मलाच माहेरी जावं लागेल.

दर जानेवारीत वसई पश्चिमेला एका मैदानावर फळं, फुलं, भाजी आणि पाळीव पक्ष्यांचं प्रदर्शन भरे. पक्ष्यांच्या मांडवात पांढऱ्या बांटमचा वेगळा गट होता. त्यात पहिलं बक्षीस एक वर्ष बळीरामला, तर दुसऱ्या वर्षी राजोडीच्या सॅन्टन तुस्कानोला मिळे. सॅन्टनची राजोडीला समुद्राजवळ केळीची आणि सोनचाफ्याची वाडी होती. त्याचे पक्षी पुण्याच्या एका पारशी बाईंकडून आलेले होते, बळीरामचे क्रॉफर्ड मार्केटमधून. पिंजरे शेजारी शेजारी लागत, म्हणून दोघांच्या खुर्च्याही शेजारी लागत. पहिल्या वर्षी ते एकमेकांचा पक्षी चोरून बघत. पुढच्या वर्षी उघड बघू लागले. नंतर तर आदल्या दिवशी कोंबड्या कोमट पाण्यात कशाने धुवायच्या, उन्हात किती वाळवायच्या, पायांना आणि तुऱ्याला खोबरेल किती लावायचं, हे दोघं एकमेकांना विचारून करू लागले. सॅन्टनची बायको रेजिना डब्यात दोघांसाठी जेवण आणायची. गणपतीत तुस्कानो कुटुंब जूचंद्रला आणि नाताळात भोईर राजोडीला, असं येणंजाणं सुरू झालं.

सत्त्याण्णवच्या सुमारास बळीरामच्या कोंबड्या बिघडायला लागल्या. अंडी व्हायची, पण निम्मी फुटायचीच नाहीत. जी पिल्लं निघत त्यांतल्या काहींची बोटं वाकडी असायची. त्याने खाणं बदललं, जागा बदलली, औषधं पाजली. शेवटी सॅन्टननेच सांगितलं की इतकी वर्षं घरातल्या घरात जोड्या लावल्यावर दुसरं काय होणार, रक्त बदलायला हवं. आणि विचारायच्या आधीच म्हणाला, माझा कोंबडा घेऊन जा.

तो कोंबडा म्हणजे सॅन्टनचा जीव होता. त्याच्या संथ, भारदस्त चालीमुळे सॅन्टनने त्याचं नाव ‘बिशप’ ठेवलं होतं. रेजिनाला ते मुळीच पसंत नव्हतं, ती त्याला नुसतं ‘तो’ म्हणे. गणपती उठल्यावर एका रविवारी बळीराम त्याला झाकलेल्या टोपलीत घालून जूचंद्रला घेऊन आला. स्वतःचा कोंबडा त्याने आधीच वेगळा केला होता. तीन सर्वांत चांगल्या कोंबड्या निवडून नवीन खुराड्यात घातल्या होत्या, आणि आधीच्या नराचा अंश उरू नये म्हणून चांगले काही आठवडे त्यांना एकट्या ठेवलं होतं. खुराड्याला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या करगोट्याला. इतकी काळजी तो कशाचीच घेत नसे.

अंडी जमली तशी हंसाने तिच्या एका खुडूक गावठी कोंबडीखाली ती उबवायला घातली. पिल्लं निघायच्या दिवशी बळीरामने कारखान्यात दांडी मारली. सकाळी पहिलं टरफल फुटलं आणि ओलं, काळं पिल्लू बाहेर आलं. त्याला वाटलं ओलं आहे म्हणून तसं दिसतंय. ते वाळलं तरी काळंच राहिलं. दुसरं काळं, तिसरं काळं आणि पोटाशी जरा करडं, चौथ्याच्या मानेवर तपकिरी छटा. दुपारपर्यंत सगळी निघाली. एकही पिवळं नव्हतं, आणि बळीरामच्या घरची पांढरी पिल्लं नेहमी पिवळीच निघत.

आधी त्याने हंसालाच विचारलं की या अंड्यांत तू तुझी गावठी अंडी मिसळलीस का. हंसाने हातातलं सूप खाली ठेवलं.

“माना काय इचारता? अंडी तुमीच आनून दिली. गावठीचं अंडं केवढं आनि ह्यांचं केवढं, ते तुमाला कलत नाय?”

तिचं बरोबर होतं. टरफलं समोर पडली होती, सगळी बांटमचीच, लहान. बळीरामने खुराड्याची जाळी बोटं फिरवून तपासली. कुठे भोक नव्हतं. खालून उकरलेलं नव्हतं. शेजारच्या आळीत एक लाल कोंबडा होता, पण तो कुलूप उघडून आत जाणार होता का? तो कितीतरी वेळ पिल्लांपुढे उकिडवा बसून राहिला. एका बाजूला पांढरा बाप, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या आया, आणि मध्ये ही काळी पलटण गावठी कोंबडीच्या मागे चिवचिवत फिरत होती. पिल्लं मात्र दणकट होती. सगळी अंडी फुटली होती आणि सगळ्यांची बोटं सरळ होती. हे त्याच्या त्या दिवशी लक्षात आलं, पण त्याचा आनंद करायचं काही सुचलं नाही.

त्याने पुन्हा अंडी जमवली. या वेळी प्रत्येक अंडं स्वतः उचललं, त्यावर पेन्सिलीने फुली मारली आणि ती दुसऱ्या कोंबडीखाली ठेवली. फुली मारलेल्या अंड्यांतूनही काळीच पिल्लं आली. तोवर पहिल्यांना पिसं फुटली होती, काळी, उन्हात हिरवट चमकणारी. बळीरामला रात्री नीट झोप लागेना. कारखान्यात मापं चुकू लागली. त्याच्या घरच्या कोंबड्यांनी इतक्या वर्षांत एक रंगीत पीस दिलं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग उरला कोण? उरला बाहेरून आलेला कोंबडा. हा विचार मनात आला तेव्हा त्याला बरं वाटलं नाही, पण निदान काहीतरी समजल्यासारखं वाटलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला तो बिशपला टोपलीत आणि एका काळ्या पिल्लाला बुटांच्या खोक्यात घालून राजोडीला गेला. सॅन्टन आधी हसला. त्याला ती थट्टाच वाटली. मग बळीरामचा चेहरा बघून त्याने पिल्लू हातात घेतलं आणि पंख उघडून पाहिले. त्याने विचारलं की कोंबड्या आधी कुणाबरोबर होत्या. बळीरामने सगळं सांगितलं, कुलूप, किल्ली, फुल्या. सॅन्टन म्हणाला की असं असेल तर दोष तुझ्या कोंबड्यांत जुना असेल, कारण माझ्याकडे या कोंबड्याची शेकड्याने पिल्लं झाली आणि सगळी पांढरी. बळीराम म्हणाला की माझ्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या सगळी पांढरी. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही समोरचा खोटा वाटत होता. आवाज चढले. रेजिना चहा घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली.

मागे एकदा प्रदर्शनात कुणीतरी कुजबुजलं होतं की काही लोक पक्ष्याची पिवळट झाक घालवायला काहीबाही लावतात. बळीरामला ते नेमकं त्या वेळी आठवलं आणि आठवलं तसं तोंडातून गेलं.

“मग तू त्याला ब्लीचने धुतोस काय?”

सॅन्टनने टोपली उघडून कोंबडा बाहेर काढला, काखेत धरला आणि वाडीत निघून गेला. चहा तसाच राहिला. रेजिनाने पिल्लू खोक्यात घालून ते बळीरामच्या हातात दिलं आणि म्हणाली की उशीर होईल, निघा भाऊ. त्या नाताळात भोईर राजोडीला गेले नाहीत.

जानेवारीत प्रदर्शन आलं. पिंजरे नेहमीसारखे शेजारीच लागले होते, कारण मांडव लावणाऱ्यांना काय माहीत. सॅन्टनने आपली खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला नेली. बळीराम सकाळभर शेजारच्या पांढऱ्याशुभ्र बिशपकडे बघत बसला आणि जितकं बघे तितका त्याचा गोंधळ वाढे. हा खरंच इतका पांढरा आहे? मग ती काळी पोरं कुणाची? दुपारी त्याला राहवलं नाही. प्रदर्शनाचे चिटणीस फ्रान्सिस डाबरे, निवृत्त पोस्टमास्तर, पिंजऱ्यांवरून फिरत होते. बळीरामने त्यांना थांबवून सांगितलं की तुस्कानोच्या पक्ष्याचा रंग तपासा. त्याला हळू बोलायचं होतं, पण मांडवात नेमकी शांतता होती.

फ्रान्सिस अवघडले. ते दोघांनाही ओळखत होते. पण आजूबाजूला माणसं जमली होती आणि तक्रार झाली म्हटल्यावर त्यांना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतून कापूस आणि स्पिरिट मागवलं. सॅन्टनने स्वतः पिंजरा उघडला आणि कोंबडा धरून उभा राहिला. फ्रान्सिसनी मानेवर घासलं, पाठीवर घासलं, पंखाखाली घासलं. कापूस उजेडात धरला. धुळीशिवाय त्यावर काही नव्हतं. मग त्यांनी पिसं बाजूला सारून मुळाशी पाहिलं. तिथेही ती तितकीच पांढरी होती.

“झालं तुझं समाधान?” सॅन्टनने विचारलं.

“मग पिल्लं काळी का, सॅन्टन?” बळीराम म्हणाला.

तो टोमणा नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि त्या क्षणी ते विचारायला त्याच्याकडे सॅन्टनशिवाय दुसरं कुणी नव्हतं. पण जमलेल्या लोकांना तो टोमणाच वाटला आणि एकदोघं हसले. सॅन्टनने कोंबडा टोपलीत घातला, पिंजऱ्यावरची आपल्या नावाची पट्टी सोडवली आणि परीक्षण व्हायच्या आत निघून गेला. संध्याकाळी परीक्षक डॉक्टर लतिका सबनीस आल्या. त्या पशुवैद्य होत्या, वसईलाच राहायच्या. त्यांनी शेजारचा पिंजरा रिकामा का म्हणून विचारलं. कुणी नीट सांगितलं नाही. पहिलं बक्षीस बळीरामला मिळालं. बक्षिसाचा स्टीलचा डबा त्याने घरी नेऊन फळीवर ठेवला, कागदही काढला नाही.

काळी पिल्लं आता मोठी झाली होती. त्यांचं काय करायचं, ते त्याला ठरवता येईना. कापावीत तर इतकी देखणी कोंबडी कापायला हात धजेना, द्यावीत तर लोक विचारणार ही आली कुठून, आणि ते तर त्यालाच माहीत नव्हतं. शेवटी त्याने त्यांतला एक कोंबडा आणि दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, मागच्या खुराड्यात ठेवल्या आणि बाकीची नाव न सांगता लांबच्या नातेवाइकांकडे पोचवली. मागच्या खुराड्याकडे तो फारसा जात नसे. दाणापाणी हंसाच बघायची.

पावसाळ्यात त्यांतली एक तलंग कोपऱ्यात अंड्यांवर बसली. बळीरामने तिला उठवलं नाही, उठवायला तो तिकडे गेलाच नाही. श्रावणात एका सकाळी हंसाने त्याला हाक मारली आणि म्हणाली की येऊन बघा. काळ्या कोंबडीच्या पोटाखालून पिल्लं डोकावत होती. काही काळी. आणि जवळजवळ निम्मी पिवळी.

बळीरामने एक पिवळं पिल्लू उचललं आणि ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि त्याने ते खाली ठेवलं. पांढऱ्यांच्या पोटी काळी झाली, तेव्हा निदान कुणाचा तरी संशय घेता येत होता. आता काळ्यांच्या पोटी पांढरी झाली, त्याचा संशय कुणावर घ्यायचा? कोंबडा त्याचा, कोंबडी त्याची, खुराडं त्याचं. महिनाभरात त्या पिवळ्या पिल्लांना पिसं फुटली ती पांढरीशुभ्र. त्याच्या थोरल्या वहिनीने येऊन पाहिलं आणि या घरात कुणीतरी काहीतरी केलंय, असं सुचवून गेली. हंसा चंडिकेच्या देवळात नारळ ठेवून आली, पण तिचा त्यावर फारसा विश्वास दिसला नाही. त्या संध्याकाळी ओटीवर तांदूळ निवडत असताना ती आपणहून बोलली.

त्यांचा मुलगा दीपेश तेव्हा नोकरीसाठी पनवेलला असायचा. त्याचे डोळे घारे होते. बळीरामचे काळेभोर, हंसाचेही काळेभोर, दोन्ही घरांत कुणाचे घारे नाहीत. दीपेश जन्मला तेव्हा आळीतल्या बायका त्याला बघायला दोनदोनदा येत. पुढे बऱ्याच दिवसांनी बळीरामच्या आत्याने सांगितलं होतं की तिच्या आजोबांचे डोळे तसे होते.

“तवर तर आपल्याला कायच ठावं नव्हतं,” हंसा म्हणाली. “तवा तुमी माना इचारलंत का, ह्यो कोनाचा म्हनून?”

“नाय,” बळीराम म्हणाला.

“मंग सॅन्टनला कसं इचारलंत?”

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. बळीरामला डोळ्यांचा आणि पिसांचा संबंध लागत होता आणि लागत नव्हता. दीपेशच्या वेळी आपल्या मनात शंका का आली नाही, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. आली नव्हती, एवढंच आठवलं.

पुढच्या सुट्टीला तो काळी जोडी आणि एक पांढरी तलंग घेऊन डॉक्टर लतिका सबनीसांच्या दवाखान्यात गेला. त्याच्या आधी तिथे दोन कुत्रे आणि एक मांजर होतं, त्यांचं होईपर्यंत तो बाकावर बसून राहिला. मग त्याने सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, फक्त ब्लीचचं सांगितलं नाही. बाईंनी पक्षी हाताळले. त्या चकित झालेल्या दिसल्या नाहीत, उलट खूश झाल्या. म्हणाल्या की हे पुस्तकात वाचलं होतं, बघायला आज मिळालं. तुमचे पक्षी पांढरे आणि तुस्कानोंचेही पांढरे, पण दोघांच्या पांढरेपणाचं कारण वेगळं.

बळीरामच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तेव्हा त्यांनी दुसऱ्या तऱ्हेने सांगितलं.

“चूल पेटवायला लाकूड लागतं आणि काडेपेटी लागते, हो ना? तुमच्या कोंबड्यांकडे लाकूड आहे, काडेपेटी नाही. तुस्कानोंच्या कोंबड्याकडे काडेपेटी आहे, लाकूड नाही. दोन्ही घरी चूल थंड, म्हणून दोघांकडे पांढरं. ते एकत्र आले आणि चूल पेटली. तो काळा रंग म्हणजे तो जाळ.”

“आनि काळ्यांची पांढरी?”

“त्या पोरांपैकी काहींच्या वाट्याला पुन्हा एकच वस्तू आली. किंवा एकही नाही.”

बळीरामने ती तलंग उचलून मांडीवर घेतली. मग त्याने विचारलं की म्हणजे यात चूक कुणाची. बाई म्हणाल्या, कुणाचीच नाही. तुमच्या कोंबड्या शुद्ध आणि त्यांचा कोंबडाही शुद्ध. बळीरामने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला आणि त्यांनी तेच उत्तर पुन्हा दिलं. खरं तर त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण सॅन्टन चोर निघाला असता तर रागाला जागा होती, आपण चोर निघालो असतो तर लाजेला. कुणीच चोर नाही म्हटल्यावर गेल्या वर्षभराचं करायचं काय, हे त्याला कळेना.

तिथूनच तो राजोडीला गेला. वसईच्या स्टँडवरून बस मिळाली. मांडीवर टोपली आणि त्यात पक्षी. सॅन्टन वाडीत केळीची सुकलेली पानं काढत होता. त्याने बळीरामला येताना पाहिलं आणि काम थांबवलं नाही. अंगणाच्या कडेची खुराडी उघडी, रिकामी होती. सॅन्टनने सगळ्या कोंबड्या गास गावातल्या एका नातेवाइकाला देऊन टाकल्या होत्या. बिशप तेवढा राहिला होता, तो वाडीत मोकळा फिरत होता. पायांना चिखल, शेपटीचं एक पीस तुटलेलं.

बळीरामने टोपली खाली ठेवली आणि म्हणाला, “मी बोललो ते चुकलं. तुझा कोंबडा खरा होता.”

सॅन्टनने कोयता केळीच्या बुंध्यात रोवला.

“तू बोललास त्याचं मला एवढं नाही,” तो म्हणाला. “कापूस सगळ्यांनी बघितला. पण घरी आल्यावर मीच त्याला रोज सकाळी उन्हात धरून बघायला लागलो. माझ्या हाताने वाढवलेला पक्षी, आणि मी त्याच्या पिसांत काळं शोधतोय. मग मला ते सगळं नकोसं झालं.”

बळीरामने काडेपेटीचं सांगायला सुरुवात केली. मध्येच त्याचा घोळ झाला. लाकूड त्याने सॅन्टनच्या कोंबड्याकडे दिलं आणि काडेपेटी आपल्याकडे घेतली, मग दोन्ही एकाकडेच गेली. रेजिना बाहेर येऊन ऐकत होती. तिने मध्येच विचारलं की लाकूड आणि काडेपेटी दोन्ही असतील तर पांढरं का, काळं नको का. बळीरामने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सॅन्टनला ते पटलं की नाही, कळलं नाही. पण त्याने वाकून टोपलीचं झाकण उघडलं आणि पांढरी तलंग बाहेर काढली. तिचे पंख पाहिले, छातीचं हाड चाचपलं, पाय उलटे करून बोटं बघितली.

“ही काळ्यांची?”

“काळ्यांची.”

त्याने काळा कोंबडाही काढला आणि दोघांना दोन्ही हातांत धरून उन्हात उभा राहिला. मग म्हणाला, चहा घेऊन जा. या वेळी बळीरामने चहा घेतला.

काही आठवड्यांनी रविवारची मिस्सा आटोपून सॅन्टन आणि रेजिना स्कूटरवरून जूचंद्रला आले. सॅन्टनला मागचं खुराडं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्याने कुलूप पाहिलं, जाळी ओढून बघितली. बळीरामला त्याचं वाईट वाटलं नाही. हंसाने रेजिनाला आत नेलं, आणि जेवायला बसेपर्यंत दोघी बाहेर आल्याच नाहीत. जाताना सॅन्टनने ती पांढरी तलंग मागून घेतली. तिला बिशपबरोबर ठेवतो म्हणाला. काय निघेल यावर दोघांचा वाद झाला. बळीरामच्या मते पांढरी निघायला हवीत, कारण पांढऱ्यात पांढरं पडतंय. सॅन्टन म्हणाला की मागच्या खेपेला असंच तर पडलं होतं. ती तलंग लाकूडवाली की काडेपेटीवाली, हे कसं ओळखायचं, ते डॉक्टरीणबाईंना विचारायचं राहून गेलं होतं, आणि विचारलं असतं तरी उत्तर कळलं असतं याची दोघांनाही खात्री नव्हती. पुढे उन्हाळ्यात तिची पिल्लं निघाली ती निम्मी काळी आणि निम्मी पांढरी. सॅन्टनने फोन करून एवढंच सांगितलं.

त्याआधी जानेवारीत बळीराम फ्रान्सिस डाबऱ्यांकडे गेला आणि म्हणाला की गेल्या वर्षी मी केलेली तक्रार खोटी होती, हे लाऊडस्पीकरवरून सांगा. फ्रान्सिसनी त्याला समजावलं की लोक ते विसरले असतील, उगाच कशाला उकरायचं. बळीराम ऐकेना, तेव्हा त्यांनी दुपारी दोन वाक्यांत तसं जाहीर केलं. मांडवात माणसं एकमेकांना विचारू लागली की कोणती तक्रार, कोण तुस्कानो. एकाचा तर असा समज झाला की तुस्कानोनेच भोईरवर आळ घेतला होता, आणि तो सहानुभूतीने बळीरामशी हात मिळवून गेला. बळीरामने त्याला थांबवून खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, पण तोवर तो पुढच्या पिंजऱ्याकडे सरकला होता.

प्रदर्शन संपल्यावर पक्षी घरी सोडून संध्याकाळी तो राजोडीला गेला. सॅन्टन अंगणात बसला होता. त्याने सगळं विचारून घेतलं. किती पिंजरे होते, कुणाचा पक्षी कसा होता, बोरिवलीहून येणारा तो मास्तर यंदा आला का, परीक्षक बाईंनी कशाला किती वेळ दिला. बळीराम उठून जायला निघाला की तो आणखी काहीतरी विचारी. शेवटी रेजिना म्हणाली की एवढं मन आहे तर पुढल्या वर्षी स्वतःच जाऊन बस ना तिथे.

“बघू,” सॅन्टन म्हणाला.

तो गेला नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्याच्याकडे पुन्हा पक्षी झाले होते, चांगले झाले होते, पण ते त्याने मांडवात कधी ठेवले नाहीत. बळीराम दर वर्षी त्याला बोलवायचा आणि तो दर वर्षी बघू म्हणायचा. आणि प्रदर्शनाच्या संध्याकाळी कितीही थकला तरी बळीराम राजोडीची बस धरायचा, आणि तिथे अंगणात बसून एकेका पिंजऱ्याबद्दल सॅन्टनला सांगत राहायचा.